कोणता डी?

सुरतेतल्या खानदेशी माणसाचं सगळं दोन ठिकाणी असतं. एक घर इथं, एक गावाकडे. इथल्या घराचे हप्ते संपत नाहीत आणि गावच्या घराचे पत्रे दर वळवाच्या वाऱ्यात उडतात. तरी यातलं एक विकून टाकू असं कोणी म्हणालं, तर घरातल्या म्हातारीपासून ते ज्यानं गाव फक्त लग्नसराईत पाहिलंय त्या नातवापर्यंत सगळे एकजुटीनं अंगावर येतात. मे महिन्यात उधन्याहून भुसावळकडे जाणारी गाडी पाहावी. पाय ठेवायला जागा नसते. जूनमध्ये तीच माणसं कुरडया, पापड आणि कळण्याचं पीठ घेऊन परततात. नदीसुद्धा दोन्हीकडे तीच. भुसावळजवळून वाहणारी तापी सुरतेत येऊन पुन्हा आडवी पडते, म्हणून इच्छापोरहून मजुरा गेटला जायचं तरी पूल ओलांडावा लागतो.

हे सगळं सांगायचं कारण बापूंचा कॉम्प्युटर. त्याला दोन हार्डडिस्क आहेत आणि चार ऑपरेटिंग सिस्टिम. वाडा एक, जिने दोन, बिऱ्हाडं चार.

बापू आमच्या इच्छापोरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही आणि गुडघे दुखतात, तरी तिसराच मजला. त्याचं कारण २००६ चा ऑगस्ट. त्या वर्षी उकाई धरणातून पाणी सुटलं आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. बापू तेव्हा अडाजणला तळमजल्यावर राहायचे. पाणी चढू लागल्यावर घरच्यांनी गच्चीवर काय काय नेलं त्याची यादी बापू अजून सांगतात: देव, गॅसची शेगडी, तुरीची डाळ, टीव्ही, सोन्याचा डबा आणि शेजाऱ्यांची सायकल. कॉम्प्युटर खालीच राहिला. हजिऱ्याच्या एका कारखान्यातल्या नोकरीला जोड म्हणून बापू लग्नपत्रिका जुळवून द्यायचे, आणि सगळ्या पत्रिका त्या एकाच डिस्कवर होत्या. पाणी ओसरल्यावर डिस्क उघडली तर आत गाळ. बापूंनी त्या दिवशी दोन गोष्टी ठरवल्या. तळमजल्यावर राहायचं नाही आणि एका डिस्कवर विसंबायचं नाही. गावचं घर का ठेवलंय हे ज्यांना समजावून सांगावं लागत नाही, त्यांना दुसरी डिस्क का हवी हेही समजावून सांगावं लागलं नाही.

खरं तर दुसरी डिस्क आली ती नकला ठेवायला. पण मोकळी जागा दिसली की खानदेशी घरात पाहुणा येतोच.

बापूंना स्वतःला विंडोज सात हवी. मराठी पत्रिका ते श्रीलिपीच्या जुन्या आवृत्तीवर जुळवतात, तिचा डोंगल, म्हणजे ती चालवायची किल्ली, मागच्या बाजूला खोचलेला असतो, आणि ती आवृत्ती सातवर चालते एवढंच त्यांना पुरेसं आहे. सूनबाई एम्ब्रॉयडरीचं डिझाइन पंच करतात. सुरतेत हा घरोघरचा धंदा आहे: साडीचा काठ कॉम्प्युटरवर टाक्याटाक्यानं आखायचा, फाइल कारखान्याला द्यायची, तिथं मशीनची सगळी हेडं एकदम खाली-वर होऊ लागतात. सूनबाईंचं सॉफ्टवेअर एक्सपीच्या काळातलं, त्याचा डोंगल तर प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात बसणारा. नवीन घ्यायचं तर जी किंमत येते ती ऐकून बापूंनी एक्सपीला घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींत जागा दिली. मुलाला टॅली आणि जीएसटीसाठी विंडोज दहा हवी. आणि नातू इच्छापोरहून रोज इच्छानाथला जातो, तिथल्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, त्यामुळे त्याला लिनक्स हवं. लिनक्स फुकट मिळतं हे ऐकून बापूंचा त्यावरचा विश्वास आधी उडाला आणि मग दुप्पट झाला.

चौघांपैकी एकानं हट्ट सोडला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण सुरतेच्या मराठी घरात जुनं सोडून नवं घेत नाहीत. जुन्याच्या शेजारी नवं मांडतात.

दुसरी डिस्क मजुरा गेटच्या कॉम्प्युटर मार्केटातून आणली. मी बरोबर होतो. बापूंनी भाव विचारला, दुकानदारानं सांगितला, बापूंनी निम्मा केला. दुकानदार हसून म्हणाला, "काका, बे वार तो लूंटी गया, हजु बाकी छे?" शिवाजी महाराजांची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची, दुसरी ऑक्टोबर १६७० ची. साडेतीनशे वर्षं उलटली तरी सुरतेचा दुकानदार मराठी गिऱ्हाइकाकडे याच नजरेनं बघतो, आणि मराठी गिऱ्हाईकही भाव पाडताना अंगात थोडा आवेश आणतंच. डिस्क घेतली. घरी आणून जोडली. खोक्यावर ५०० जीबी, पडद्यावर ४६५.

बापू परत निघाले. उरलेले पस्तीस जीबी आणायला.

नातवानं अडवून समजावलं की यात लबाडी कोणाचीच नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, त्यामुळे प्रत्येक पायरीवर थोडंथोडं कमी भरतं. बापूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दुकानदार पैसे कोणत्या पटीत घेतो?" याला तंत्रज्ञान संस्थेत उत्तर शिकवलेलं नव्हतं.

सिस्टिमा बसवायला बाजारातून एक मुलगा बोलावला. हिंदुस्थानातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांना एकच औषध माहीत असतं. पडदा काळा झाला, प्रिंटर अडकला, इंटरनेट गेलं, कीबोर्डवर चहा सांडला, काहीही असो. या मुलानंही बॅग खाली ठेवण्याआधीच विचारलं, "काका, फॉर्मेट मारी दऊं?"

"डेटा जशे?"

"डेटा तो जाय ज ने!" तो अशा आश्चर्यानं म्हणाला की जणू डेटा राहावा अशी अपेक्षाच रानटी असावी.

त्यानं विंडोज दहा आधी बसवली आणि एक्सपी नंतर. हे काम करणाऱ्या कोणालाही विचारा, तो सांगेल की जुनी आधी आणि नवी नंतर. कारण उघड आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर सगळ्यात पुढचे ५१२ बाइट म्हणजे उंबरठा. त्यातले ४४६ बाइट कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या कोडचे, ६४ बाइट डिस्कवर कोणाचा भाग कुठून कुठपर्यंत हे नोंदवायला, आणि शेवटचे दोन सहीचे. एक नोंद सोळा बाइटांची, म्हणून नोंदी चारच. पाचव्याला जागा हवी असेल तर चौघांपैकी एकाच्या पोटात घुसावं लागतं. जी विंडोज शेवटी बसते ती हा उंबरठा स्वतःच्या नावानं लिहून घेते. नवी विंडोज जुनीला ओळखते. मात्र २००१ साली आलेल्या एक्सपीला २०१५ साली आलेली दहा ओळखीची असायचं कारणच नाही. एक्सपी बसली, उंबरठ्यावर तिचं नाव लागलं, आणि विंडोज दहा डिस्कवर जशीच्या तशी असूनही दिसेनाशी झाली. मुलाची जीएसटीची तारीख तोंडावर आलेली. तो घरभर फिरत होता आणि ज्याला त्याला विचारत होता की माझी दहा कुठं गेली.

दुरुस्तीवाल्याला पुन्हा फोन केला. "काका, फॉर्मेट..." एवढं ऐकून बापूंनी फोन ठेवला.

मग नातवानं काम हाती घेतलं. त्यानं पहिल्यांदा काय केलं तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन डबा उघडला आणि एका डिस्कची केबलच उपटून काढली. नातवाच्या आजी, म्हणजे आमच्या काकू, किंचाळल्या. पण दोन डिस्कांच्या बाबतीत सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच असते, आणि कॉम्प्युटरच्या जाणकारांत याबद्दल फारसे मतभेद नाहीत. एका डिस्कवर सिस्टिम बसवताना दुसरी डोळ्यांआड ठेवायची. नाहीतर विंडोज बसते दुसऱ्या डिस्कवर आणि तिला सुरू करणाऱ्या फाइली नेऊन ठेवते पहिल्यावर. पुढं कधीतरी पहिली डिस्क मेली की दुसरीही बंद, आणि दोन घरं करून काहीच साधत नाही. शिवाय बसवताना पडद्यावर दोन्ही डिस्का एकाच आकाराच्या आणि एकाच कंपनीच्या दिसत असतील तर पुसायची कोणती आणि ठेवायची कोणती हे देवालाही ओळखता येत नाही. लिनक्स त्यांना एसडीए आणि एसडीबी म्हणतं, पण कॉम्प्युटर सुरू होताना जी आधी सापडेल ती ए. आजची ए उद्या बी होऊ शकते.

पहिल्या डिस्कवर आधी एक्सपी, मग सात. एक्सपी बसतानाच नाटकं झाली. तिला हल्लीच्या डिस्का आपोआप ओळखता येत नाहीत, निळा पडदा देऊन ती बसकण मारते. त्या काळचा उपाय असा की सुरुवातीलाच एफ-सहा दाबायचं आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घालायची. फ्लॉपी! नातवानं ही वस्तू फक्त 'सेव्ह'च्या चित्रात पाहिलेली. अखेर बायोसमध्ये जाऊन डिस्कांना जुन्या आयडीई पद्धतीनं वागायला सांगितलं, तेव्हा एक्सपी बसली. मशीनमध्ये आठ जीबी रॅम आहे, पण बत्तीस बिटांच्या एक्सपीला त्यातली तीन-सव्वातीनच दिसते. बाकीची कुठं आहे हे ती विचारत नाही. सूनबाई म्हणाल्या, "असं माणूस मिळायला नशीब लागतं."

मग पहिलीची केबल काढली, दुसरी जोडली, तीवर विंडोज दहा आणि शेजारी उबुंटू नावाचं लिनक्स. शेवटी दोन्ही केबला लावल्या. लिनक्सबरोबर येणारा ग्रब नावाचा दारवान जरा सभ्य असतो. तो सगळ्यांची नावं विचारून यादी लावतो. म्हणजे पूर्वी आपणहून विचारायचा. २०२१ सालच्या आवृत्तीपासून शेजारी कोण राहतं हे शोधायची त्याची सवय सुरक्षेच्या कारणावरून बंद ठेवलेली असते, एक ओळ लिहून ती चालू करावी लागते. चालू केली आणि पडद्यावर यादी आली: उबुंटू, विंडोज दहा, विंडोज सात. एक्सपी त्यात नव्हती. ती विंडोज सातच्या दारातून आत गेल्यावर दिसते, आणि तिथंही तिचं नाव लिहीत नाहीत. 'विंडोजची आधीची आवृत्ती' एवढाच उल्लेख. सूनबाईंना हे लागलं. घरात सगळ्यात जास्त कमाई करणारी ती, आणि तिचं नावही नाही?

यादी दहा सेकंद थांबते. तेवढ्यात कोणी काही निवडलं नाही तर दारवान पहिल्या नावाला, म्हणजे उबुंटूला आत सोडतो. बापूंची सवय अशी की कॉम्प्युटर सुरू करायचा आणि तो सुरू होईपर्यंत चहा टाकायचा. ते चहा घेऊन यायचे तेव्हा समोर लिनक्स हजर. त्यांचं असं मत झालं की हे फुकटचं असल्यामुळे पुढं पुढं करतं.

इथपर्यंत सगळं तंत्रज्ञानाचं होतं. खरा गोंधळ सुरू झाला तो अक्षरांवरून.

विंडोजमध्ये डिस्कच्या प्रत्येक भागाला एक अक्षर असतं. ए आणि बी ही फ्लॉपीची, म्हणून पहिला भाग सी. फ्लॉपी जाऊन जमाना झाला तरी ए-बी रिकामेच ठेवलेत, गावच्या पंगतीत दोन पाटं राखून ठेवावीत तसे. आता गंमत अशी की या अक्षरांना डिस्कवर काही आधार नसतो. जी सिस्टिम चालू असेल ती आपल्यापुरती अक्षरं वाटते. आणि प्रत्येक सिस्टिमला वाटतं की सी म्हणजे मी. एक्सपी चालू केली की ती सी. सात चालू केली की ती सी, आणि एक्सपीचा भाग डी. दहा चालू केली की तीच सी, आणि बाकीच्यांना उरलेली अक्षरं, कोणाला डी, कोणाला ई, कोणाला एफ. लिनक्सला तर अक्षरं मंजूरच नाहीत.

बापूंनी एका पत्रिकेचं काम केलं. मुलाकडचे अमळनेरचे, मुलीकडचे लिंबायतचे. खानदेशी लग्नपत्रिका ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, त्यात लग्न एका कोपऱ्यात असतं. बाकी सगळी नावं. आशीर्वादाला कोण, निमंत्रक कोण, व्यवस्थापक कोण, स्वागतोत्सुक कोण, मानाचे मामा कोण, आणि 'किलबिल' म्हणून खाली ज्यांना अजून बोलताही येत नाही अशा पोरांची नावं. हा मजकूर मतदार यादीसारखा हप्तेभर दुरुस्त होत राहतो. मुलाकडच्यांचा शेवटचा फोन आला की थोरल्या मामांचं नाव राहिलंय. बापूंनी घातलं, डी ड्राइव्हवर ठेवलं, आणि मुलाला सांगून गावाला गेले: "पत्रिका डीमध्ये आहे. छापायला दे."

मुलानं दहा सुरू केली, डी उघडलं, पत्रिका होती. छापायला दिली.

बापूंचा डी म्हणजे सातमधला डी. मुलाचा डी म्हणजे दहामधला डी. दहामधल्या डीवर मागच्या हप्त्यात घेतलेली नक्कल होती, थोरल्या मामांशिवायची. पत्रिका छापल्या गेल्या, वाटल्या गेल्या, आणि अमळनेरला थोरले मामा रुसून बसले. त्यांनी मुहूर्ताला उभं राहायचं नाकारलं. दोन्हीकडची माणसं त्यांच्या पाया पडायला गेली. बापूंनी मामांना समजावायचा प्रयत्न केला की तुमचं नाव होतं, डीवर होतं, फक्त डी वेगळा निघाला. मामा म्हणाले, "आरे भो, मी चाळीस वरीस शेतीना वाद लढी राहिनू. गट नंबर बदली जास, पन मानूस जागावरच ऱ्हास. तुना डी कथा गया?"

मामांचा मुद्दा कायद्यानं बिनतोड होता. शेवटी एक चिठ्ठी छापून प्रत्येक पत्रिकेला चिकटवली. चिठ्ठीवर एकच नाव, तेही बाकीच्यांपेक्षा मोठ्या टायपात, त्यामुळे आता धाकटे मामा रुसले.

यानंतर नातवानं अक्षरांवर विसंबणं बंद करून डिस्कांच्या भागांना नावं दिली. जुन्या डिस्कवरच्या भागांना बापूंच्या गावावरून 'अमळनेर', नव्या डिस्कवरच्यांना 'इच्छापोर'. ही नावं डिस्कवरच लिहिली जातात, सिस्टिम बदलली तरी बदलत नाहीत. देवनागरीत लिहिलेली चालतात. एक्सपीला मात्र देवनागरीचा आधार वेगळा घालावा लागतो, तो नसल्यामुळे तिला दोन्हीकडे चौकोन दिसतात. बापूंना ही व्यवस्था एकदम पटली. "अमळनेरला ठेवलंय" म्हटलं की आता घरात सगळ्यांना कळतं. फक्त एकदा कोणी फोनवर विचारलं की सातबारा कुठंय आणि काकूंनी सांगितलं अमळनेरला, तेव्हा तो खरोखरीच्या अमळनेरला की खोट्या, यावर बराच वेळ गेला.

श्रीलिपीची जुनी फाइल लिनक्समध्ये उघडली तर काय होतं तेही सांगायला हवं. त्या काळचे फाँट युनिकोडचे नव्हते, आतली अक्षरं रोमन आणि वरून मराठीचा मुखवटा. फाँट नसेल तर मुखवटा गळतो. नातवानं एका व्यापाऱ्याची पत्रिका लिनक्समध्ये उघडली तर वरच्या 'श्री गणेशाय नमः'च्या जागी डॉलर, टक्के आणि अधिकची चिन्हं. तो व्यापारी शेजारीच बसला होता. त्याला ते अशुभ वाटेल म्हणून बापू घाबरले. व्यापारी म्हणाला, "रेवा दो, बापू. सारुं लागे छे."

घड्याळाचा घोळ वेगळाच. मदरबोर्डवर एक लहानसं घड्याळ असतं, कॉम्प्युटर बंद असतानाही चालणारं. विंडोज त्यात आपली स्थानिक वेळ ठेवते. लिनक्स त्यात जागतिक वेळ ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवून दाखवतं. म्हणजे नातवानं लिनक्स वापरून कॉम्प्युटर बंद केला आणि मग मुलानं विंडोज उघडली की घड्याळ साडेपाच तास मागं. सकाळचे नऊ वाजलेले असताना पडद्यावर साडेतीन. आजींना इंग्रजी वाचता येत नाही पण आकडे वाचता येतात. त्या रोज सकाळी पडद्याकडे बघून मुलाला म्हणायच्या, "रातना साडेतीन वाजनात अन तू काम करी राहिना? झोप ना भो." मुलगा दमलेला असायचाच. त्यानं एकदोनदा आज्ञा पाळलीही. त्याहून वाईट म्हणजे पहाटे लवकर उठून बिल केलं तर त्यावर कालची तारीख. नातवानं एक ओळ लिहून लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला लावली, तेव्हा हे थांबलं.

याबाबतीत मुंबईनं सुरतेला हसू नये म्हणून सांगतो, भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली तरी मुंबईनं आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. जवळजवळ पन्नास वर्षं एका शहरात दोन घड्याळं, एकोणचाळीस मिनिटांच्या फरकानं. तिथं तर डिस्कही दोन नव्हत्या.

बाकी या चौघी सिस्टिमा एकमेकींशी कशा वागतात ते पाहण्यासारखं आहे. एक्सपी सुरू झाली की ती सातचे रिस्टोअर पॉइंट पुसून टाकते. मुद्दाम नाही, तिला ते ओळखताच येत नाहीत. दहा बंद करा म्हटलं की पूर्ण बंद होत नाही. लवकर उठता यावं म्हणून अर्धवट झोपते आणि आपला भाग कुलूप लावून ठेवते. लिनक्स तिथं फाइल लिहायला गेलं की त्याला फक्त वाचू देतात. नातवानं 'फास्ट स्टार्टअप' नावाचा तो पर्याय बंद केला. तेव्हापासून दहा सुरू व्हायला वेळ लागतो, आणि मुलगा नातवाला रोज एकदा तरी सुनावतो की तुझ्या लिनक्सच्या सोयीसाठी माझी झोपमोड होते.

हे फक्त बापूंच्या घरी घडतं असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभरात अनेकांच्या कॉम्प्युटरवर शेजारचं लिनक्स सुरू होईना. पडद्यावर संदेश यायचा की काहीतरी गंभीररीत्या बिघडलंय. बापूंचा कॉम्प्युटर त्यातून वाचला, कारण तो इतका जुना आहे की ज्या 'सिक्युअर बूट'वरून ते भांडण झालं ते त्यावर चालूच नाही. बापूंनी ही बातमी सोसायटीत प्रत्येकाला सांगितली. शेजारी नवा लॅपटॉप घेतलेले गृहस्थ ऐकून घेत होते, त्यांच्याकडे बघून जास्तच सविस्तर सांगितली.

नातवानं मध्यंतरी सुचवलं की एवढी धुणीभांडी करण्यापेक्षा लिनक्सच्या आत एक आभासी कॉम्प्युटर करू आणि त्यात एक्सपी ठेवू, खिडकीतल्या खिडकीत चालेल, कॉम्प्युटर बंद-चालू करायला नको. बापूंनी विचारलं, "म्हणजे ती लिनक्सकडे भाड्यानं राहणार?"

"तसंच म्हणा."

"आणि लिनक्सनं जागा खाली करायला सांगितली तर?"

सूनबाईंचा आक्षेप अधिक व्यवहारी होता. त्यांचा डोंगल जुन्या पोर्टातला, तो आतल्या एक्सपीला दिसेल याची नातवाला खात्री देता येईना. डोंगल दिसला नाही तर काठ नाही, आणि काठ नाही तर पैसे नाहीत. एम्ब्रॉयडरीत मजुरी टाक्यांवर मिळते. ठराव फेटाळला गेला.

आता नवा प्रश्न आलाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज दहाचा सर्वसाधारण पाठिंबा संपला. नातू गंभीर चेहरा करून सगळ्यांना बैठकीत घेऊन बसला. त्यानं सांगितलं की विंडोज अकरा या मशीनवर नियमानं बसत नाही, तिला टीपीएम नावाची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. सातचा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये गेला. एक्सपीचा तर एप्रिल २०१४ मध्येच.

"म्हणजे एक्सपीला अकरा वर्षं कोणी विचारत नाही?" बापूंनी विचारलं.

"नाही."

"आणि घरात पैसे आणते ती."

"बापू, तिला इंटरनेट दिलेलं नाही म्हणून टिकली. मी तिचं नेटवर्कच बंद ठेवलंय. दहाला मात्र जीएसटीसाठी नेट लागतं. आता तिला अपडेट मिळणार नाहीत."

बापू पुढं सरकले. "थांब. अपडेट मिळणार नाहीत म्हणजे काम करता करता मध्येच बंद पडून 'थांबा, पंचवीस टक्के झालं' असं म्हणणार नाही?"

"नाही."

"सकाळी उघडली की चित्रं बदललेली, बटणं दुसरीकडे गेलेली, असं होणार नाही?"

"नाही, पण बापू, धोका असा आहे की..."

"वीस तारखेला जीएसटी भरताना आपोआप रीस्टार्ट होणार नाही?"

"नाही होणार, पण..."

बापूंनी मुलाकडे वळून सांगितलं, "मग आता कुठं ती वापरण्याजोगी झाली. टॅलीचं सगळं हिच्यावरच ठेव." नातू व्हायरस, चोरी, बँक असं बरंच काही बोलत राहिला. त्याचं म्हणणं खरं होतं आणि बापूंनी ते अर्धंच मान्य केलं. म्हणजे बँकेचं काम लिनक्सवर न्यायचं ठरलं, टॅली दहावर राहिली, आणि अकरासाठी तिसरी डिस्क काय भावानं पडते ते विचारायला नातवाला मजुरा गेटला पाठवायचं ठरलं. अकरा या मशीनवर बसत नाही असं नातू पुन्हा सांगू लागला तेव्हा काकू म्हणाल्या, आधी डिस्क तर आण, बसवायचं मागाहून बघू. बापूंनी बजावलं ते एवढंच की दुकानात गेल्यावर मराठी बोलू नकोस, भाव चढवतात.